आकाशमार्गाचे वाटाडे

गेल्या श्रावणात अहमदाबादेहून मुंबईस विमानाने येण्याचा योग आम्हांस आला. प्रवास अवघा तासाभराचा; पण त्यातला उत्तरार्ध सारा ढगांत गेला. विमान खाली उतरत आहे, एवढे कानांत बसलेल्या दड्यांवरून समजत होते. खिडकीबाहेर मात्र भिजल्या कापसासारखे काहीतरी करडे पसरलेले, आणि काचेवरून आडवे पळणारे पाण्याचे ओघळ. चाके उघडल्याचा घरघराट झाला. आता जमिनीस पाय लागणार म्हणून मंडळी सावरून बसली, तोच इंजिनांचा एकाएकी प्रचंड गजर झाला, पाठ आसनास दाबली गेली, आणि विमान नाक वर करून पुन्हा त्या करड्या राशीत घुसले. कोणी काही बोलेना. आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी पिशवीतून तुळशीची माळ काढली आणि डोळे मिटून घेतले. आम्हीही, खरे सांगावयाचे तर, माळ जवळ नसल्याचे दुःख केले. दोन-तीन मिनिटांनी वैमानिकाचा शांत आवाज आला: धावपट्टी वेळेत दिसली नाही, एक फेरी घालून पुन्हा येतो. पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो. घरी हकीकत सांगितली तेव्हा सर्वांनी वैमानिकास नावे ठेविली, आणि आमचाही कल तिकडेच होता.

पुढे दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब डहाणूस गेलो. सोबत आमचा भाचा होता. हा एका विमानतळाच्या नियंत्रणकक्षात काम करतो, आणि सुटीतही आकाशाकडे पाहिल्यावाचून त्यास चैन पडत नाही. संध्याकाळी सुरूच्या बनाबाहेर वाळूवर बसलो असता उत्तरेकडून एक दिवा आला, डोक्यावरून दक्षिणेस गेला. काही वेळाने दुसरा, मग तिसरा. कोळ्यांच्या होड्यांचे दिवे खाली आणि हे वर. नातवाने विचारले, “दादा, ह्यांना वाट कोण दाखवतो?” प्रश्न भाच्यास होता, पण उत्तर ऐकण्याची गरज खरी आम्हांस होती.

भाच्याने प्रथम एक गंमत सांगितली. नकाशावर अहमदाबादेचा विमानतळ आणि जुहू ह्या दोन ठिकाणांमध्ये पट्टीने रेघ ओढावी. ती जवळजवळ थेट उत्तर-दक्षिण पडते आणि डहाणू गावाच्या किंचित पूर्वेने जाते. म्हणजे आम्ही ज्या वाळूवर बसलो होतो, ती हिंदुस्थानातील एका अतिशय जुन्या आकाशमार्गाच्या जवळजवळ खालीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन ‘पुस मॉथ’ नावाच्या चिमुकल्या विमानातून निघाले, अहमदाबादेस उतरले, आणि दुपारी जुहूच्या मैदानावर येऊन पोहोचले. अहमदाबादेस त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. पुढचा मद्रासचा पल्ला त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी दुसऱ्या विमानातून पुरा केला. त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते, आणि जमिनीवर वाट दाखविणारी यंत्रणाही नव्हती. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि स्वतःचे डोळे, एवढ्या शिदोरीवर सारा प्रवास. डोळ्यांनी जाणाऱ्यास ह्या भागात तीन खुणा मोठ्या उपकारक: उजव्या हातास समुद्राचा काठ, त्याला समांतर धावणारा लोहमार्ग, आणि डाव्या हातास डोंगरांची ओळ.

त्या ओळीतलाच विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा सुळका आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री देवीचा पुजारी तो अवघड चढ चढून शिखरावर निशाण लावतो, आणि मग खाली यात्रा भरते. तलासरीकडून महामार्गाने येणाऱ्या माणसास तो सुळका दूरवरूनच दिसू लागतो, आणि वारली घरांतील म्हाताऱ्या माणसांस अजूनही दिशा सांगताना त्याचा आधार वाटतो. अलीकडे तशीच एक खूण डहाणूच्या औष्णिक विद्युत्केंद्राने समुद्राकाठी उभी केली आहे: सुमारे २७५ मीटर उंचीचा धुराडा. त्याच्या अंगावर रात्री लाल दिवे असतात. ते शोभेचे नव्हेत. उंच वस्तूने वैमानिकास आपले अस्तित्व कळविले पाहिजे, असा नियमच आहे.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी कॅप्टन आरोही पंडित ह्या तरुण वैमानिक मुलीने टाटांच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत हलक्या विमानातून प्रवास केला, आणि तोही उपग्रहाचे मार्गदर्शन न घेता, पूर्वीप्रमाणे नकाशा व नजर ह्यांवर. ऑक्टोबरात हे साधते, कारण हवा निवळलेली असते. टाटांच्या काळी पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, आणि टपालाच्या विमानांस पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. पण मैदान कोरडे असते तरी ढगांत शिरल्यावर काठ, लोहमार्ग आणि सुळका ह्यांचा काय उपयोग? आमच्या श्रावणातल्या विमानाखालीही महालक्ष्मीचे निशाण होतेच. पण ढगांतल्या वैमानिकास ते असून नसल्यासारखे.

डोळा हा साक्षीदार उजेडातही किती फसतो, ह्याचे उदाहरण मुंबईचेच आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ जेमतेम दोन-तीन मैलांच्या अंतरावर. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअर लाइन्सचे एक मोठे डी.सी.-८ जातीचे विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले आणि पट्टी संपल्यावरही पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. विमान मात्र कायमचे निकामी झाले. समोर धावपट्टी दिसली, आणि दिसली तीच आपली, असे मनाने ठरवून टाकले.

तेव्हा डोळ्यांवाचून वाट सांगणाऱ्या यंत्रांकडे वळू. भाच्याने वाळूत बोटाने आकृत्या काढून ती समजाविली; आम्ही आमच्या शब्दांत देतो.

सर्वांत जुने साधन म्हणजे जमिनीवरून सर्व दिशांस सारखे रेडिओचे तरंग सोडणारे केंद्र. ह्यास एन.डी.बी. म्हणतात. विमानातील सुई त्या केंद्राकडे वळते, इतकेच. ‘मी इकडे आहे’ एवढेच ते सांगते. ‘तू किती दूर आहेस’ हे सांगत नाही. शिवाय रात्री आणि समुद्रकाठी ह्या तरंगांना वाकडे जाण्याची खोड आहे, आणि जवळपास विजा कडाडू लागल्या की सुई केंद्र सोडून विजेकडेच धाव घेते. वादळापासून दूर नेण्याऐवजी वादळाकडे बोट दाखविणारा हा वाटाड्या आता जगभर हळूहळू निवृत्त होत आहे.

त्याच्या जागी आलेले व्ही.ओ.आर. हे साधन खरोखरच बुद्धिमान. एक दीपगृह कल्पावे. त्याचा झोत मिनिटास एक ह्या गतीने गोल फिरत आहे, आणि झोत बरोबर उत्तरेस वळताच माथ्यावरचा दुसरा दिवा क्षणभर सर्व दिशांस लकाकतो. आता तो लकाकल्यापासून झोत आपल्यापर्यंत येईतो पंधरा सेकंद लागले, तर आपण दीपगृहाच्या पूर्वेस आहोत. तीस लागले तर दक्षिणेस. व्ही.ओ.आर. हेच रेडिओच्या तरंगांनी करते. फरक इतकाच की त्याचा झोत मिनिटास एकदा न फिरता सेकंदास तीस वेळा फिरतो. वैमानिक कोठेही असो, केंद्रापासून आपण कोणत्या रेषेवर आहोत हे त्यास अंशांत कळते.

रेषा कळली, अंतर राहिले. ते डी.एम.ई. सांगते, आणि त्याची रीत विहिरीत खडा टाकून खोली अजमावणाऱ्या पोरासारखी आहे. विमान एक इशारा सोडते, जमिनीवरचे केंद्र ठरावीक, सेकंदाच्या वीस हजाराव्या हिश्शाइतका वेळ थांबून उत्तर देते, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. एका सागरी मैलास जाऊनयेऊन सेकंदाचा सुमारे ऐंशी हजारावा भाग पुरतो. हे ऐकून आमच्या आत्याबाईंनी “इतका वेळ मोजतात तरी कशाने?” असे विचारले, आणि भाचा प्रथमच थोडा अडखळला.

आता रेषा आणि अंतर दोन्ही हाती आल्यावर चूक व्हावी कशी? ह्याचे उत्तर जुन्नरच्या डोंगरात आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे एक डी.सी.-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. सिडनीहून रोमकडे चाललेला तो प्रवास होता. ऐन पावसाळ्याची रात्र. सह्याद्री अजून ओलांडावयाचा होता, आणि वैमानिकाची समजूत अशी की आपण मुंबईच्या अगदी नजीक आलो. त्या समजुतीने तो उतरू लागला, आणि मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरांवर, जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर विमान आदळले. आतील ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की स्थान ओळखण्यात चूक झाली; हाताशी असलेली साधने वापरून ते पडताळून पाहिले नाही; आणि त्या भागासाठी नेमून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीची मर्यादा पाळली गेली नाही. यंत्रे खोटे बोलली नव्हती. त्यांस कोणी विचारलेच नव्हते. भाच्याच्या धंद्यात एका साक्षीवर निकाल देण्याची मनाई आहे, तिचे मूळ अशा रात्रींत आहे.

ह्या भागावरून जाणाऱ्या विमानाचे उदाहरण घेऊन त्याने हे आणखी उलगडले. जेट विमानास सोसवेल अशा उतारावर एक हजार फूट खाली येण्यास सुमारे तीन सागरी मैल लागतात. डहाणूपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर, म्हणजे पन्नासएक सागरी मैल. तेव्हा मुंबईस उतरू पाहणारे विमान डहाणूवर असता साधारण पंधरा ते अठरा हजार फुटांवर असावे, असा अंदाज वैमानिक मनाशी बांधून असतो. काटे काही निराळे सांगू लागले की त्याने कारण शोधलेच पाहिजे.

येथवर मुक्या यंत्रांची गोष्ट झाली. पण विमानात एक बोलती वाटही असते. वैमानिक आणि नियंत्रक ह्यांचे संभाषण ज्या अतिउच्च कंप्रतेच्या तरंगांवर चालते, ते प्रकाशासारखे सरळ जातात आणि पृथ्वीच्या बाकाआड लपतात. म्हणून जमिनीवरच्या माणसास जे ऐकू येणार नाही ते उंचावरच्या विमानास शेकडो मैलांवरून ऐकू येते. मुंबईस येणारे विमान प्रथम लांबच्या पल्ल्याच्या नियंत्रकाशी बोलते, मग विमाने रांगेत लावणाऱ्या ‘ॲप्रोच’शी, मग मनोऱ्यातील माणसाशी, आणि चाके टेकल्यावर जमिनीवरच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्याशी. लग्नघरी पाहुण्यास वेशीवरून मांडवात, मांडवातून पंक्तीत पोहोचवितात, तसा हा प्रकार.

ह्या संभाषणाचा एक दंडक आम्हांस विशेष आवडला. नियंत्रकाने उंची, दिशा वा कंप्रता सांगितली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणावयाची, आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकावयाची. नुसते ‘समजले’ म्हणून भागत नाही. आकडे सुटे सुटे उच्चारावयाचे. इंग्रजी नऊचा उच्चारही ‘नायनर’ असा लांबवावयाचा, म्हणजे तो पाचासारखा ऐकू येऊ नये. अक्षरे सांगावयाची ती अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा १९५६ पासून जगभर रूढ झालेल्या शब्दांनी. आमच्या वाचकांस येथे घनपाठाची आठवण होईल. शब्द पुढून, मागून, जोडीने म्हणत गेल्यामुळे एका मात्रेचीही चूक लपून राहू नये, म्हणून आपल्या पूर्वजांनी तो खटाटोप केला. आकाशातल्या पाठभेदाची किंमत अर्थात फार मोठी पडते.

ती १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर मोजावी लागली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ चौदा हजार फुटांपर्यंत चढत होते. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्यूशिन विमानास पंधरा हजारांवर थांबण्याची आज्ञा होती. ते थांबले नाही. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे, त्यात इंग्रजीचा कच्चेपणा. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांस वाट एकच, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे गेली. त्यानंतर आपल्याकडे येण्याच्या व जाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या, उंची दाखविणारे रडार आले, आणि दोन विमाने परस्परांच्या फार जवळ आल्यास वैमानिकांस आपोआप सावध करणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. हे सारे आधीच ठाऊक असलेले उपाय होते. ते करावयास इतकी माणसे जावी लागली, ह्याचा विषाद वाटल्यावाचून राहात नाही.

नातवाने मध्येच विचारले, “आणि रेडिओच बिघडला तर?” त्याचीही सोय आहे. विमानातील एक यंत्र रडारला चार आकड्यांचा संकेत पाठवीत असते; रेडिओ बंद पडल्यास त्यात ७६०० हा आकडा लावला की जमिनीवर सर्वांस कळते. मनोऱ्यातील माणसाकडे मग दिव्याची पिचकारी असते: स्थिर हिरवा झोत म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्यास वाट द्या आणि घिरट्या घालीत राहा. पोरास ही युक्ती इतकी पसंत पडली की त्याने रात्रभर घरातल्या विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद लावून आम्हां सर्वांस उंबरठ्याबाहेर घिरट्या घालावयास लाविल्या.

डहाणूस स्वतःचा विमानतळ नाही. पण उत्तरेस पन्नासएक किलोमीटरांवर दमण आहे. तेथली धावपट्टी पोर्तुगीज अमदानीत बांधली गेली, १९६१ च्या डिसेंबरात दमणबरोबर ती भारताकडे आली, आणि १९८७ पासून तेथे तटरक्षक दलाचे हवाई ठाणे आहे. त्याच्याकडे स्वतःचे रडार, व्ही.ओ.आर. आणि डी.एम.ई. आहे. तेथून निघणारी डॉर्नियर विमाने समुद्रावर पहारा देतात. तलासरी तालुक्यातले झाई आणि डहाणूचे किनारे ह्यांवरचे मच्छीमार ज्या पाण्यात जाळी टाकतात त्यावरही त्यांची नजर असते. होडीवर बसविण्याचे संकटसूचक यंत्र इस्रोने तयार केले आहे. त्याची कळ दाबली की उपग्रहावाटे तटरक्षक दलास होडीचे ठिकाण कळते. म्हणजे वरचे दिवे आणि खालचे दिवे आम्हांस वाटले तितके परके नव्हते.

उपग्रहांमुळे आता वाटाडेही आकाशात गेले आहेत. अमेरिकेच्या जी.पी.एस. उपग्रहांच्या सांगण्यातली चूक दुरुस्त करून देणारी ‘गगन’ नावाची योजना इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण ह्यांनी मिळून उभारली, आणि २७ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगडास एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरविण्यात आले. मग जमिनीवरची केंद्रे मोडीत का काढीत नाहीत? कारण उपग्रहाचा आवाज पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. तो दडपता येतो, इतकेच नव्हे तर त्याची हुबेहूब नक्कल करून विमानास खोटी जागाही सांगता येते. तेव्हा जुना दीपगृहवाला हाताशी ठेवण्यातच शहाणपण आहे.

आता आमच्या श्रावणातल्या विमानाविषयी. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून विमाने बहुधा पूर्वेकडून, घाटकोपरच्या टेकड्यांवरून धावपट्टीकडे येतात. ह्याच घाटकोपरास १२ जुलै १९४९ रोजी पावसाळी धूसर हवेत डच कंपनीचे विमान आदळून ४५ माणसे मृत्यू पावली होती. आज त्या वाटेवर आय.एल.एस. नावाची यंत्रणा दोन अदृश्य झोत सोडते. एक डावे-उजवे सांगतो, दुसरा वर-खाली. दोहोंचे काटे मध्यावर धरून वैमानिक तीन अंशांच्या उतारावरून ढगांतून खाली येतो. पण साधारण प्रकारात हा वाटाड्या जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंतच सोबत करतो. त्या उंचीला ‘निर्णयाची उंची’ म्हणतात. तेथे धावपट्टीचे दिवे डोळ्यांनी दिसले तर उतरावयाचे. न दिसले तर आणखी एक क्षण पाहू, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. इंजिने पूर्ण जोराने सोडावयाची आणि सरळ पश्चिमेस, समुद्रावर चढावयाचे.

“तुमच्या वैमानिकाने, मामा, तेच केले,” भाचा म्हणाला. “काटे बरोबर मध्यावर असतील, तरी दुसरा साक्षीदार आला नाही. मनोऱ्याला तो फक्त ‘गोइंग अराउंड’ एवढे म्हणाला असेल. आम्ही तिकडून का म्हणून विचारीत नाही. चढण्यासाठी दिशा नि उंची देतो आणि पुन्हा रांगेत घेतो.”

आत्याबाईंनी त्या माळवाल्या बाईंचे पुढे काय झाले, असे विचारले. त्या मुलीकडे पार्ल्यास गेल्या, असे आम्ही सांगितले. तोवर उत्तरेकडून आणखी एक दिवा वर आला होता, आणि नातू वाळूत रेघ ओढून त्याचा अकरावा आकडा लिहीत होता.